रफूमावशीच्या खांद्यातली वीज

धुलाईच्या त्या दुकानात मागच्या अंगाला, इस्त्रीच्या वाफेपलीकडे एक खिडकी आहे, आणि खिडकीखाली एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला सगळे रफूमावशी म्हणतात. खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक असेल, पण तोही आयुष्यभर "अगं" एवढ्यावरच भागवत आलाय.

कुणाच्या कोटाला कसर लागते, कुणाच्या स्वेटरवर ठिणगी पडते, कुणाची बाही खिळ्यात अडकते. तो कपडा मावशीकडे येतो. ती सगळ्यात आधी तो पालथा करते. रफू करायचं ते उलट्या बाजूने, सुलट बाजूने फक्त मिरवायचं, असं तिचं म्हणणं. मग आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथून, त्याच कापडाचे चार धागे उपसते आणि भोकावर एक वर एक खाली असे विणत बसते. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि एकच शब्द बोलते, "शोधा."

गिऱ्हाईक शोधतं. उजेडात धरतं, चष्मा पुसतं, बोट फिरवतं. भोक काही सापडत नाही. मावशी तोवर दुसऱ्या सुईत दोरा ओवत असते, म्हणजे हसू दिसायला नको. या एका "शोधा"साठी ती रोज घरून चालत येते, असं म्हटलं तरी चालेल.

तर झालं असं, की यंदा थंडी संपता संपता तिचा उजवा खांदा दुखायला लागला. मानेपासून निघालेली कळ खांद्याच्या उतारावरून खाली यायची आणि दंडाशी येऊन ठाण मांडायची. उजवा, म्हणजे सुईचा हात. मावशीने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पण मान वळेनाशी झाली तेव्हा ती लपवणार कशी?

"मावशी," इस्त्रीवाला म्हणाला, "हल्ली हाक मारली की तुम्ही कपाटासारख्या वळता. सगळं धूड एकदम."

"कपाटच आहे मी. आत सगळं घडी घालून ठेवलंय. तू तुझ्या इस्त्रीकडे बघ, धूर यायला लागलाय."

"वाफ आहे ती."

"तुझ्या हाताखाली काय, आज वाफ, उद्या धूर."

इस्त्रीवाला हसला, पण मालकांच्या कानांनी जे टिपायचं ते टिपलं होतं. मालक दिवसभर पुढे काउंटरवर बसायचे. पावत्या फाडायच्या आणि लोकांची बोलणी खायची, हे त्यांचं काम. डाग गेला नाही, गुंडी हरवली, रंग उतरला. माणूस देवासारखा शांत, पण संध्याकाळी दुकानाचं दार ओढून घेताना त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा दिसायचा. ते मागे आले आणि म्हणाले, "मावशी, खांदा गेला असेल तर ओढाताण करू नका. पुढे काउंटरवर बसा. पगार आहे तोच. खुर्ची फिरती आहे."

"आणि रफू?"

"रफूचं बघू. मिळेल कुणीतरी."

मिळेल कुणीतरी. मावशीच्या काळजाला त्या दोन शब्दांनी जे भोक पडलं, त्याला जुळणारा धागा जगात कुठल्या शिवणीत मिळणार होता?

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"बरं, तुमचंही नको, माझंही नको. आमची सूनबाई हॉस्पिटलात हेच काम करते. स्नायू दमलाय का नाही ते विजेवर मोजतात. ती येईल, बघेल. यंत्र म्हणालं सुईचा खांदा ठीक आहे, तर बसा जन्मभर या खुर्चीवर, मी चकार शब्द काढणार नाही. यंत्र म्हणालं दमलाय, तर काउंटर. ठरलं?"

नाही म्हणायला जागाच नव्हती. मावशीने मान हलवली, तीही अर्धीच हलली.

घरी तिचा नवरा जेवणाची वाट बघत बसला होता. गडी जन्मभर वायरमन. आता निवृत्त झालाय, पण खिशात टेस्टर असल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तिने त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "अहो, विजेवर खांदा मोजतात म्हणजे काय करतात? शॉक देतात?"

"छे. मीटर लावत असतील."

"कशाला मीटर? माझ्यात कुठे वीज आहे?"

तो विचारात पडला. इतकी वर्षं विजेत काढली, पण बायकोत वीज असेल अशी शंका त्याला कधी आली नव्हती. "असेल बारीकशी," तो शेवटी म्हणाला. "जास्त असती तर मला एव्हाना कळलं असतं."

"थट्टा नको. माझी सुई जायची वेळ आलीय."

तेव्हा तो सरळ बसला. "हे बघ, त्यातलं मला कळत नाही. पण वायर ती वायर. एक लक्षात ठेव. एकीवरून दुसरी वायर गेलेली दिसली, आढी पडलेली दिसली, की समजायचं बिघाड इथेच होणार. मी माझ्या हाताने कधी आढी पडू दिली नाही."

हे मात्र मावशीला पटकन पटलं. गुंता तिलाही बघवत नाही. शेजारच्या पोरीची वेणी सैल झाली तरी तिचे हात शिवशिवतात.

ठरल्या दिवशी मालकांची सून एक पेटी घेऊन आली. बारीक अंगाची, घाईत बोलणारी पोर. तिने मावशीला तिच्याच खुर्चीवर बसवलं, ब्लाउजचा गळा मागे सरकवून मान आणि खांद्यांचा उतार मोकळा केला, आणि स्पिरिटच्या बोळ्याने खसाखसा पुसला.

"डाग आहे का?" मावशीने विचारलं.

"नाही हो. तेल असलं की आवाज नीट येत नाही."

"कुणाचा आवाज?"

"स्नायूचा. स्नायू काम करतो तेव्हा त्यात अगदी बारीक वीज खेळते. आम्ही काही आत सोडत नाही, नुसतं ऐकतो." असं म्हणून तिने दोन्ही खांद्यांच्या उतारांवर गोल चिकट टिकल्या लावल्या, एक मानेच्या मणक्यावर लावली, आणि टिकल्यांना वायरी अडकवल्या. वायरी मागून येऊन बाजूच्या स्टुलावर ठेवलेल्या साबणाच्या डबीएवढ्या चपट्या डबीत शिरत होत्या. मावशीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. उजव्या खांद्याची वायर डाव्या भोकात गेली होती आणि डाव्या खांद्याची उजव्या. मध्ये ही ढळढळीत आढी.

बोलावं का? पण शिकलेल्या पोरीला कसं सांगायचं, की आमच्या घरात हे चालत नाही म्हणून?

"आता मी खांदे खाली दाबणार, तुम्ही कानापर्यंत उचलायचे. जेवढा जोर आहे तेवढा."

मावशीने उचलले. पोर मागे टेबलावर आदळता आदळता राहिली. पलीकडून इस्त्रीवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "सूनबाई, जपून. त्या कपाट आहेत."

"छान. आता सोडा. पूर्ण सैल."

"सोडले."

"नाही सोडले."

"काय धरलंय मी?"

"खांदा धरलाय. हा बघा." पोरीने पेटीतल्या यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. दोन रेघा धावत होत्या. एक आडवी, निवांत. दुसरी केसाळ, सुरवंटासारखी. "सगळं सोडून द्या. काही काम नाही असं समजा."

काही काम नाही असं मावशीने कधी समजलंच नव्हतं, तर आता कसं समजणार? तिने हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. डोळे मिटले. सुरवंट जरा बसला, पण मेला नाही. कुठली रेघ कुठल्या खांद्याची हे विचारायला तिची जीभ उचलेना, आणि पोरीने तेवढ्यात पडदा फिरवून घेतला.

"आता तुम्हाला दाखवणार नाही. बघितलं की माणूस मुद्दाम नीट बसतो. तुम्ही तुमचं रोजचं काम करा. मी इथेच आहे."

मावशीने करड्या कोटाचं कोपर घेतलं. कोट पालथा केला, डाव्या हातात उचलून धरला, उजव्या हाताने सुई चालवायला लागली. जसजसा वेळ गेला तसं तिचं लक्ष सुईत कमी आणि पाठीमागच्या आढीत जास्त. दोन धागे चुकले, ते तिने उसवले. मधे पोरीचा फोन वाजला. ती "आलेच" म्हणून पुढे गेली. इस्त्रीवालाही वरच्या दोरीवरचे शर्ट काढायला गेला होता. मावशी कात्री घ्यायला म्हणून वाकली, खुर्चीच्या हाताखाली वायरी अडकल्या, आणि दोन्ही खांद्यांच्या वायरींची टोकं डबीतून टपकन बाहेर आली.

मावशीने मागे-पुढे बघितलं. मग तिच्या हातांनी जे केलं ते हातांनीच केलं, डोक्याला विचारलं नाही. डबी उचलली, मांडीवर घेतली आणि टोकं नीट बसवली. आढी काढून. उजवीची उजवीकडे, डावीची डावीकडे, समांतर, देखणी. पुढून चपलांचा आवाज आला तशी तिने न बघताच डबी स्टुलावर होती तशी ठेवली आणि कोट उचलला.

"मध्ये जरा खळखळ आलीय," पोर पडद्याकडे बघत म्हणाली. "उठलात का?"

"कात्री घ्यायला," मावशी म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

कोपर झालं. पोरीने टिकल्या सोलून काढल्या, मालकांना हाक मारली आणि पडदा सगळ्यांपुढे फिरवला. "ही वरची रेघ उजव्या खांद्याची, ही खालची डाव्याची. हे सुरुवातीचं, हे शेवटचं."

वरची रेघ सुरुवातीला होती तशीच शेवटी, बारीक. खालची मात्र फुगत फुगत गेली होती, शेवटी तर नुसते डोंगर.

मावशीचा चेहरा पडला. तिला वाटलं, उजवा मरायला टेकलाय आणि डावा पैलवान झालाय. "उजव्यात काही जीवच उरला नाही म्हणायचा," ती पुटपुटली.

"उलट आहे, मावशी. रेघ मोठी होत गेली आणि लाटा संथ झाल्या, की स्नायू दमला. स्नायूत बारीक बारीक तंतू असतात. ताजा असताना थोडे तंतू काम करतात, बाकीचे बसून असतात. दमला की तेवढ्याच कामाला सगळ्यांना उठवावं लागतं. म्हणून आवाज वाढतो."

"दमला की गप्प बसायचं सोडून ओरडतो?"

"तसंच काहीसं."

"आमच्या मालकांसारखा नाही म्हणजे," इस्त्रीवाला म्हणाला.

मालकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "थोडक्यात सांग. सुईचा खांदा?"

"सुईचा खांदा छान आहे. डावा फार दमलाय."

"पण दुखतो तर उजवा."

"हो ना," पोर म्हणाली, आणि तिच्या कपाळावर एक आठी आली. "तेच कळत नाहीये."

मालकांनी सुस्कारा टाकला. त्यात थोडी निराशा होती, कारण फिरत्या खुर्चीतून सुटायचा त्यांचा बेत होता. "बरं. ठरल्याप्रमाणे मावशी सुईवर. मी बोलणार नाही."

मावशीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो भांड्याच्या काठावर आपटला आणि बाहेरच राहिला. कारण तिला तर माहीत होतं काय झालंय. वायरी बदलल्या होत्या, रेघा बदलल्या होत्या. डाव्याचा आराम उजव्याच्या नावावर आणि उजव्याची दमणूक डाव्याच्या नावावर. म्हणजे सुईचा हात खरंच गेला होता, आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढचे दिवस विचित्र गेले. इस्त्रीवाला येता जाता विचारायचा, "मावशी, आज डावा दुखतोय का? दुखायला हवा. यंत्राने सांगितलंय."

"दुखतो मेला, तू बोललास की."

ती गमतीत बोलायची, पण आतून भांबावली होती. सुई चालवताना उजव्या खांद्याकडे लक्ष द्यायची, तर तो जास्तच दुखायचा. डाव्याकडे लक्ष द्यायची, तर तिथे काहीच नसायचं. दगड. मग वाटायचं, डावा दुखत नाही म्हणजे बरा आहे, का बधिर आहे? आपलाच हात, पन्नासाच्या वर वर्षं अंगाला चिकटलेला, आणि तो काय म्हणतो ते आपल्याला कळू नये?

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "आढी होती. मी काढली."

"शाब्बास," तो म्हणाला. तिला त्याचं तोंड बघवेना.

मग एक दिवस मालकांची सून पुन्हा आली. पेटी हातात, पण चेहरा उतरलेला. एक पट्टा आणला होता, डाव्या खांद्याला बांधायचा. ती मावशीजवळ स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हा बांधा, पण खरं सांगू का, माझी मलाच खात्री नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दुखतो एक आणि दमतो दुसरा, म्हणजे तूच टिकल्या नीट लावल्या नसशील. ते म्हणतात पुन्हा शिकून ये. मी किती वेळा डोक्यात फिरवून बघितलं. चूक सापडत नाही."

मावशीने सुई कोटात खोचली. आता हिला काय सांगायचं? गप्प बसलं तर खुर्ची आपली. पण ही पोर आपल्या गुंत्यासाठी बोलणी खात होती, आणि वर आपल्यालाच पट्टा घेऊन आली होती.

"पोरी," ती म्हणाली, "चूक तुझी नाही. वायरी निघाल्या होत्या. मी लावल्या. तू लावलेली आढी काढून लावल्या."

पोरीने हातातला पट्टा खाली ठेवला. "कधी?"

"तू फोनवर गेलीस तेव्हा. म्हणजे जे डाव्याचं म्हणतेस ते उजव्याचं आहे. सुईचा हात माझा दमलाय. आता तुझ्या सासऱ्यांना सांग, मी पुढे बसते."

मालक बाजूला येऊन उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली, आणि ती दिसू नये म्हणून त्यांनी खाली बघितलं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

पोरीने पेटी उघडली. टिकल्या पुन्हा जागच्या जागी लावल्या, वायरी डबीत घातल्या, आढी होती तशी. मग दोन्ही टोकं स्वतःच काढली आणि म्हणाली, "तुम्ही तेव्हा कशा लावल्या होत्या तशा लावून दाखवा."

मावशीने डबी उचलली, मांडीवर घेतली, पालथी केली आणि टोकं लावायला लागली.

"थांबा. पालथी का केलीत?"

"म्हणजे काय? काम उलट्या बाजूनेच करायचं."

"तेव्हाही पालथी केली होतीत?"

मावशी गोंधळली. केली असेल. हाताला कोण विचारतं. "करतेच मी," ती म्हणाली, आणि उजवीची वायर उजवीकडच्या भोकात, डावीची डावीकडच्या भोकात घातली. आढी नाही.

"आता डबी सुलट करून ठेवा."

मावशीने डबी उलटली. आणि बघते तर वायरी पुन्हा एकमेकींवर चढल्या होत्या. आधी होती तीच आढी. ती डबीकडे बघत राहिली. पुन्हा पालथी केली, आढी गेली. सुलट केली, आढी आली.

"अगं बाई. ही परत आली."

पोर हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मावशी, तुम्ही भोकंही उलटी केलीत आणि वायरीही उलट्या केल्यात. दोनदा उलटं म्हणजे सुलट. वायरी बरोबरच होत्या. डावाच दमलाय तुमचा."

कुणालाच एकदम कळलं नाही. मालकांनी डबी हातात घेऊन दोनदा फिरवली आणि जपून परत ठेवली. इस्त्रीवाला म्हणाला, "म्हणजे मावशींनी चूक केली, आणि ती चूक चुकली."

"तू गप्प बस," मावशी म्हणाली, पण जोर नव्हता. "मग दुखतो तो उजवा कशाला दुखतो?"

"नाही माहीत," पोर म्हणाली. "हे यंत्र दमणूक ऐकतं, दुखणं नाही. पण डावा का दमतो ते आता मला दिसायला लागलंय. काम करा बघू."

मावशीने कोट डाव्या हातात धरला आणि उचलला. वर, आणखी वर, डोक्यावरच्या बल्बकडे.

"एवढा वर?"

"दिसायला नको? आधी खिडकी होती. थंडीच्या आधी पलीकडच्या दुकानदाराने तिच्यावर पाटी ठोकली, उजेड गेला. तेव्हापासून हा बल्ब."

"बघा," पोर मालकांना म्हणाली. "उजवा सुई खुपसतो, ओढतो, मग क्षणभर थांबतो. त्या फटीत तो दम खातो. डावा नुसता धरून असतो. त्याला फटच मिळत नाही."

मालकांनी मावशीच्या घरी फोन लावला. वायरमन आला तो टेस्टर, पक्कड आणि हातभर वायर घेऊनच. आल्या आल्या त्याने आधी डबीकडे बघितलं, आढी बघितली आणि नाक मुरडलं. मग स्टुलावर चढला आणि बल्ब लांब दांड्यावर घेऊन मावशीच्या मांडीपाशी खाली आणला. कोट आता टेबलावर ठेवता येत होता, मावशीचं कोपरही टेकत होतं.

"चालव सुई," तो म्हणाला.

तिने चालवली. पोरीने या वेळी पडदा तिच्याकडेच वळवून ठेवला होता. खालची केसाळ रेघ बसत गेली, बसत गेली, आणि मग एका जागी अगदी आडवी झाली.

मावशीचा हात थांबला. "बंद पडलं," ती म्हणाली. "अहो, बघा, वायर निघाली."

वायरमनने वाकून बघितलं. "नाही निघाली."

"मग रेघ कुठे गेली?"

"तो थांबलाय, मावशी," पोर म्हणाली. "डावा थांबलाय. विश्रांती म्हणतात ती ही."

मावशी त्या आडव्या रेघेकडे कितीतरी वेळ बघत बसली. आपल्या अंगात असं काही होऊ शकतं हे तिला नवीन होतं. तिला ते चांगलं वाटलं का भीतीदायक, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"मग?" मालकांनी विचारलं. "सुई का काउंटर?"

"सुई," सूनबाई म्हणाली. "खाली ठेवून, उजेडात. मी पुढच्या महिन्यात पुन्हा ऐकते."

मालक "बरं" म्हणाले आणि पुढे जाऊन फिरत्या खुर्चीत बसले. तिथे एक गिऱ्हाईक कोट घ्यायला येऊन उभं होतं. मावशीने हातातल्या कोटाचं काम संपवलं, तो सुलट केला, झटकला आणि स्वतः पुढे नेऊन दिला.

"शोधा," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जेवणं झाल्यावर वायरमनने एक उशी आणली आणि काही न बोलता तिच्या डाव्या हाताखाली सरकवली. तिने हात टेकवून बघितला.

"अहो, पण दुखतोय उजवाच."

तो बुचकळ्यात पडला. "मग उशी इकडे घेऊ?"

तिने विचार केला. डाव्या हाताकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं, आणि दोघांपैकी कुणीच काही सांगेना.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडेच राहू दे."